परत आणलेलं पीठ

आमची पिठाची चक्की आहे. वाशीमहून रिठदकडे जाताना मधे एका फाट्यावर उतरायचं आणि आत थोडं चालायचं. गावात शिरताना डाव्या हाताला पत्र्याची खोली लागते. तिच्या दारावर, खिडकीच्या गजांवर, मीटरच्या पेटीवर पिठाचा थर असतो. तीच. मी वाशीमला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे माझ्याआधी कोणी शिकलेलं नाही. त्यामुळे कॉलेजातल्या गोष्टी घरी सांगताना आणि घरच्या गोष्टी कॉलेजात सांगताना मला सारखंच अडखळायला होतं. ग्राहक टिकवण्यावर आम्हाला एक धडा आहे. तो शिकवताना सरांनी विचारलं होतं, कोणाच्या घरी धंदा आहे का. मी हात वर केला नाही. सांगण्यासारखं होतं, पण ते कुठून सुरू करायचं ते समजलं नाही. इथे प्रयत्न करते.

बाबा माणसांना त्यांच्या डब्यांवरून ओळखतात. रस्त्यात कोणी भेटलं तर त्यांना नाव आठवायला वेळ लागतो. डबा दिसला की मात्र घर, घरातली माणसं आणि त्यांना पीठ कसं लागतं ते सगळं आठवतं. तेलाचा चौकोनी डबा, वर तारेची कडी: त्या घरी म्हातारे सासरे आहेत, त्यांना दात नाहीत, ज्वारी एकदम बारीक. निळ्या झाकणाचा: पोळ्या मऊ लागतात. स्टीलचा, बुडाशी पोचा आलेला: त्यांच्याकडे गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे वरचेवर होतात, गहू जरा जाड ठेवायचा. बाया सकाळी डबा रांगेत ठेवतात, शेतात निघून जातात आणि संध्याकाळी येऊन घेऊन जातात. दळताना उभं राहून बघण्याची आमच्याकडे कोणाला गरज वाटत नसे. बाबांना या गोष्टीचं बरं वाटायचं. ते तसं बोलत नसत, पण कोणी नवीन बाई डबा ठेवून न थांबता निघून गेली की ते तिच्या पाठीकडे थोडा वेळ बघत.

मग फाट्यावर नवी चक्की आली. खाली फरशी, वर पंखा, बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या. मालक तरुण आहे, बोलायला चांगला आहे. फोन केला की त्याचा माणूस ऑटो घेऊन येतो, घरून डबा नेतो आणि दळून आणून देतो. यात वाईट काहीच नव्हतं. मी कॉलेजला जाताना तिथूनच बसमध्ये चढते, तर तो मला एकदोनदा “बस गेली नाही अजून, बसा खुर्चीवर” असं म्हणालाही होता. मी बसले नाही.

आमच्या रांगेतले डबे कमी व्हायला लागले. जेवताना बाबा मधेच म्हणायचे, “निळ्या झाकणाचा आला नाई या आठवड्यात.”

“गावाले गेली असन,” आई म्हणायची.

निळ्या झाकणाची बाई गावातच होती. आम्ही तिघांनीही तिला पाहिलेलं असायचं.

आता दगडांबद्दल सांगायला हवं. चक्कीचे दगड दळून दळून गुळगुळीत होतात, मग पीठ गरम निघतं आणि चिकट होतं. तेव्हा ते उघडून छिन्नी-हातोडीने त्यांच्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. याला टाकी देणं म्हणतात. टाकी दिल्यावर दगडाची बारीक कच सुटत राहते. म्हणून पहिलं दळण कोणाचं घ्यायचं नसतं. आमच्या म्हशीसाठी ज्वारीचा भरडा काढायचा, एक टोपली, दुसरी, तिसरी. मग चिमूटभर पीठ दाताखाली धरून बघायचं. कचकच लागली नाही की मग लोकांचे डबे. हे बाबांना माहीत होतं. ते त्यांनी कितीतरी वेळा केलेलं होतं.

त्या दिवशी गावाच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, काम निघालं आणि सकाळपासून लाईन गेली. तुरीची सोंगणी सुरू होती, त्यामुळे बाया डबे ठेवून पहाटेच शेतात गेल्या होत्या. लाईन नाही तर टाकी देऊन घेऊ, असं बाबांनी ठरवलं. दगड उघडले, दुपारभर टाक टाक आवाज येत राहिला. लाईन आली तेव्हा ऊन उतरलं होतं. शेतातून बाया परतायला लागल्या होत्या आणि रांगेतल्या एकाही डब्याला हात लागलेला नव्हता. त्याच वेळी फाट्यावरचा ऑटो गावातून एक फेरी मारून गेला. मी तेव्हा कॉलेजातून नुकतीच आले होते आणि दारात उभी होते. बाबांनी त्या ऑटोकडे पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं. एक टोपली भरडा काढला, चिमूट तोंडात टाकली आणि पहिला डबा उचलला.

अंधार पडेपर्यंत सगळे डबे झाले. कोणी रिकाम्या हाताने गेलं नाही. बाबा खूश होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोपऱ्यावरच्या घरची काकू चक्कीवर आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेली पोळी होती. आमच्याकडे ती कित्येक वर्षांपासून दळण आणते. बाबा तिला वयनी म्हणतात.

“भाऊजी, हे खाऊन पाहा,” ती म्हणाली.

“का झालं वयनी?”

“खा तं पह्यले.”

बाबांनी तुकडा मोडला, तोंडात टाकला. दोनदा जबडा हलला आणि थांबला.

“काल राती पोरीले पाहाले आलते,” काकू म्हणाली. “केनवडकडचे पाव्हणे. नवरदेवाच्या मामानं पह्यला घास घेतला न् असंच तोंड थांबवलं, जसं तुमी आता थांबवलं. माणूस भला, काही बोलला नाई. पाणी पिऊन गिळला. मले वाटलं मिठाचा खडा असन. मंग पाव्हणे गेल्यावर मी खाल्ली. भाऊजी, तुमी पीठ दळून राह्यले का गिट्टी फोडून राह्यले?”

रांगेपाशी एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, “रोडचा ठेका घेतला असन त्यानं.” आणि एकटीच हसली.

“डबा आना वयनी,” बाबा म्हणाले. “पीठ बदलून देतो.”

“पीठ बदलून द्यान. पाव्हणे कोठून बदलून द्यान?”

ती पोळी तिथेच कट्ट्यावर ठेवून गेली. म्हातारीनेही आपला डबा उचलला. “मी उद्या येतो बाप्पा,” ती म्हणाली. ती उद्या आली नाही.

बाबांनी मोटर बंद केली. पट्टा फिरायचा थांबेपर्यंत ते त्याच्याकडे बघत राहिले. आई घरातून आली, कारण अवेळी चक्की बंद झाली की घरात लगेच कळतं. तिने कट्ट्यावरची पोळी चावून पाहिली आणि थुंकली.

“चाखून नवतं पाह्यलं का?”

“पाह्यलं ना.”

“तोंडात का होतं तवा?”

बाबांचा हात खिशातल्या पुडीकडे गेला.

“तंबाखू होता,” आई म्हणाली. “तोंडात तंबाखू-चुना धरून पीठ चाखता. तुमाले कचकच लागन का माती लागन!”

मला हसू आलं होतं, पण ती हसण्याची वेळ नव्हती. बाबा खाली बसले. म्हणाले, काकूचं पीठ बदलून देऊ, तिची माफी मागू. आईने विचारलं, काल त्या दगडांवर आणखी कोणाकोणाचं निघालं. बाबांनी डबे आठवले. चौकोनी, स्टीलचा, लाल दोरीचा, काकूचा, आणखी एकदोन. शेवटचे जे दळले ते बहुतेक ठीक असतील, असं ते म्हणाले. तोवर कच निघून गेली असणार.

“मंग तेवढ्याईच्या घरी जा लागन,” आई म्हणाली.

“कायले? ते आले का बोंबलत?”

“नाई आले.”

“ज्याईले कळलं नाई त्याईले घरी जाऊन सांगू का, बाप्पा, तुमच्या पिठात दगड हाय? डोकं फिरलं का तुयं? आधीच फाट्यावर जाऊन राह्यले लोकं. आपल्या तोंडानं सांगतलं तं उरलेले बी जातीन.”

“न सांगता बी जातीन. आज नाई तं उद्या दाताखाली येईनच. ते काही वयनीवानी पोळी घेऊन भांडाले येनार नाईत. डबा उचलतीन न् तिकडं नेतीन. आपल्याले कळनार बी नाई का गेले काहून.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली म्हणून असेल. मी म्हटलं, गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर टाकू या, म्हणजे सगळ्यांना एकदम कळेल.

“म्हणजे ज्याईचं पीठ चांगलं हाय त्याईले बी कळन,” बाबा म्हणाले. “पुरं गाव वाचन.”

आई म्हणाली, “मोबाईलमधून पीठ वापस घेता येते का?” आणि ती कोठीकडे गेली.

कोठीत आमचा वर्षाचा गहू होता. घरच्या शेतातला, उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेला. आईने त्यातून पोतं भरलं. बाबा बघत राहिले. थोड्या वेळाने ते उठले आणि त्यांनी पोत्याचं दुसरं टोक धरलं. त्यांना आईचं पटलं होतं की ते नुसतेच उठले, हे मला अजून सांगता येत नाही.

त्यांनी आधी भरडा काढला. यावेळी टोपल्यांवर टोपल्या. म्हशीला आठवडाभर पुरेल एवढा ढीग झाला. मग आमचा गहू दळला, आणि सकाळी आईने त्याच्या पोळ्या केल्या. आम्ही तिघं चुलीजवळ कोरड्या पोळ्या घेऊन बसलो. भाजी नाही, चटणी नाही. कोणी बोलायचं नाही, असं न सांगता ठरलं. नुसतं चावायचं. बाबांनी त्याआधी दोनदा चूळ भरली होती. एखादी परीक्षा असावी तसे ते सावकाश चावत होते.

“नाई लागत,” शेवटी ते म्हणाले. आईने स्वतः आणखी एक तुकडा खाल्ला आणि मगच डबे भरले. ज्वारीसाठी तिने शेजारून चांगली ज्वारी मागून आणली आणि तीही दळून घेतली.

त्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. आईच्या डोक्यावर एक डबा, माझ्या डोक्यावर एक. घरं जवळजवळ होती, एक झालं की परत येऊन दुसरं.

चौकोनी डब्याच्या घरी सून बाहेर भांडी घासत होती. आईने सांगितलं, परवा दगडाला टाकी दिली होती, पिठात कच राहिली असेल, ते पीठ द्या, हे घ्या. सून हसायला लागली.

“आमच्या बुढ्याले दातच नाईत वं. त्याले कायची कचकच! कुस्करून दुधात खाते तो.”

“तरी बी दे,” आई म्हणाली. “त्याच्या पोटाले तं लागन.”

आतून म्हातारा ओरडला, “का झालं?”

“तुमाले दगडं चारले म्हनते चक्कीवाली वयनी!”

“मले वाटलंच,” म्हातारा म्हणाला. त्याला काहीच वाटलं नसणार.

स्टीलच्या डब्याच्या घरी नवरा-बायको दोघंही होते. आईचं बोलणं पुरं व्हायच्या आत तो माणूस ओट्यावरून उठला आणि बायकोला म्हणाला, “पाह्य! पाह्य आता! कालपासून माया गव्हाले नाव ठेवून राह्यली. म्हने, खळ्यातून मातीसकट उचलून आनला. आता बोल.”

“तुमचा गहू बी काही सोन्याचा नाई,” ती म्हणाली. पण तिने पीठ परत दिलं आणि आम्हाला चहा पाजला. तो माणूस चहा होईपर्यंत पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. आम्ही आल्याने त्या घरात कोणाला इतका आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

लाल दोरीच्या डब्याच्या घरी तसं झालं नाही. त्या बाईने पिठाचा डबा उघडून पाहिला, वास घेतला. “आमाले तं काही लागलं नाई,” ती म्हणाली.

“लागलं नसन. पन असन त्यात.”

“म्हनजे याच्या आंधी बी असंच देत असान तुमी. हे आज सांगून राह्यल्या.”

आई म्हणाली, “नाई. असं पह्यल्यांदा झालं.”

“आता आमी कसं समजावं पह्यल्यांदा का कितव्यांदा?”

मला वाटलं आई काहीतरी बोलेल, शपथ घेईल, निदान रागावेल. तिने नवं पीठ त्यांच्या भांड्यात ओतलं, जुनं घेतलं आणि चुंबळ सरळ करून डबा डोक्यावर ठेवला. तो लाल दोरीचा डबा पुढच्या आठवड्यापासून फाट्यावरच्या ऑटोत दिसायला लागला. बाबांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं ठरलं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

काकूचं घर आईने शेवटी ठेवलं होतं. दार उघडं होतं, काकू ओट्यावर तूर पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही.

“वयनी, पीठ आनलं,” आई म्हणाली. “आमी खाऊन पाह्यलं. मंग आनलं.”

“ठेवा.”

आईने डबा ओट्यावर ठेवला. काकूने बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्याला पाणी विचारत नाहीत, असं होत नाही. आईने चुंबळ काखेत धरली. “पाव्हण्यानं का म्हटलं?” तिने विचारलं.

“कळवतो म्हने.”

काकूची मुलगी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती आणि मी दहावीपर्यंत एका वर्गात होतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती अगदी थोडं हसली, जणू म्हणत होती, काही नाही, होतं असं कधीकधी. किंवा मला तसं वाटलं. तिनेच पीठ आत ओतून डबा परत आणून दिला. रिकामा डबा घेऊन आम्ही निघालो तेव्हा मागे सुपाचा आवाज चालूच होता.

पाहुण्यांनी कळवलं नाही. एका पोळीतल्या कचेवरून कोणी मुलगी नाकारत नाही, हे काकूलाही माहीत असणार. तसं ती कोणाजवळ बोललीही नाही. पण तिचा डबा आमच्याकडे आला नाही. तो ऑटोतही दिसला नाही. ती स्वतः डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालत जायची, आमच्या चक्कीच्या समोरून, आणि त्या वेळी बाबा आत काहीतरी शोधत असायचे.

चक्की चालू राहिली. आधीइतकी नाही. दुपारी मोटर बंद करून बाबा पत्र्याखाली पडून राहायला लागले. पूर्वी त्यांना तेवढी सवड कधी मिळत नसे. आई मला विचारायची, पुढच्या वर्षी फी किती असते, आणि उत्तर ऐकून दुसरंच काहीतरी बोलायची. आम्ही घरोघर गेलो ते चूक होतं की बरोबर, यावर घरात पुन्हा बोलणं झालं नाही.

एक बदल मात्र झाला. चाखण्याचं काम आईने स्वतःकडे घेतलं. दगडांना टाकी दिलेली असो वा नसो, पहिल्या डब्याआधी ती येऊन चिमूट तोंडात टाकायची. रांगेतल्या बायांनी ते पाहिलं. स्टीलच्या डब्याची बाई एकदा म्हणाली, “आन, मी बी पाहातो.” तिने तळहात पुढे केला. दुसऱ्या दिवशी आणखी एकीने. ती सगळी गंमतच होती, “दगडं हायेत का वं आज?” असं म्हणत खायचं आणि हसायचं. बाबांना सुरुवातीला ते झोंबायचं. त्यांच्या चक्कीवर डबा ठेवून न बघता निघून जाणाऱ्या बाया आता उभं राहून पीठ चावून बघत होत्या. पुढे ते स्वतःच द्यायला लागले. डबा भरला की वरून चिमूट घ्यायची आणि समोरच्या हातावर ठेवायची, मगच झाकण लावायचं. नवीन लग्न होऊन आलेल्या सुना हा आमच्या चक्कीचा रिवाजच आहे असं समजतात. त्यांना कोणी कारण सांगत नाही.

काकूच्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात दुसरीकडे जमलं. जवळच्याच गावात, चांगलं स्थळ. आम्हाला पत्रिका आली, घरोघर येते तशी. लग्नाचं दळण मोठं असतं, पोत्यांनी असतं. आमच्याकडे ते येणार नाही, हे धरूनच बाबांनी त्या आठवड्यात पट्टा बदलण्याचं काम काढलं होतं.

कॉलेजला सुट्टी होती, मी घरीच होते. सकाळी काकू आली. पोती नव्हती. तिचा नेहमीचा डबा डोक्यावर होता. तिने तो रांगेत ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि गेली नाही. कट्ट्यावर बसली. बाबांनी पट्टा चढवला, मोटर सुरू केली. तिच्या आधीचे दोन डबे झाले. मोटरच्या आवाजात बोलायला जागा नसते.

तिचा डबा भरल्यावर बाबांनी चिमूट घेतली आणि तिच्या हातावर ठेवली. ती हातावरच्या पिठाकडे बघत राहिली, मग तिने ते तोंडात टाकलं आणि ती चावायला लागली. बराच वेळ. रांगेतल्या बाया बघत होत्या. बाबा झाकण हातात धरून उभे होते.

तिने गिळलं. बोटं पदराला पुसली.

“भाऊजी,” ती म्हणाली, “थोडं जाड आलं. लग्नाचं बारीक पाह्यजे. पाव्हणे येनार हायेत.”

बाबांनी झाकण बाजूला ठेवलं, वाकून दगडाचं चाक थोडं आवळलं आणि तिचं पीठ पुन्हा वर ओतलं.